निःसंशय गणित

"काय फरक पडतो?" असं एका सरांसमोर म्हणायचं नाही, हे आमच्या कॉलेजात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळायचं. शिपाई पांढऱ्या खडूंऐवजी पिवळे घेऊन यायचा आणि वर म्हणायचा, "पिवळा काय, पांढरा काय, काय फरक पडतोय सर?" सर मान किंचित तिरकी करायचे आणि शांतपणे विचारायचे, "किती पडतो ते सांगा." यात टोमणा नसायचा. त्यांना खरोखर आकडा हवा असायचा. शिपाई खडू टेबलावर ठेवून निघून जायचा आणि सर पुढच्या तासाला, शेवटच्या बाकावरून कुठला खडू किती मुलांना वाचता येतो, ते बघत बसायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आपण सवयीने बोलून सोडून दिलेलं वाक्य उचलून पुन्हा आपल्याच हातात देणारा. अशा माणसाबरोबर एका स्टाफरूममध्ये चहा पिणं सोपं नसतं. मी पुष्कळ वर्षं प्यायले.

मी संख्याशास्त्र शिकवते. फरक किती पडतो हे सांगणं हाच आमचा धंदा, त्यामुळे हा माणूस मला पहिल्यापासून आमच्यातला वाटायला हवा होता. तसा तो वाटला नाही, कारण ते भूगोलाचे होते. कॉलेजात नव्या माणसाला आधी विषय विचारतात आणि मग त्याने कोणत्या टेबलाशी बसायचं ते ठरतं. गणिताचे लोक खिडकीपाशी बसतात, आम्ही त्यांच्या शेजारी, आणि सर दाराजवळच्या खुर्चीवर, जिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण धक्का देतो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. कॉलेजातही फारसं कुणी घेत नसे. सगळे नकाशावाले सर म्हणायचे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ते 'नकाशा विश्लेषण' नावाचा पेपर शिकवायचे. नाव ऐकून मुलांना वाटायचं, राजधान्या पाठ करायच्या आहेत. राजधान्या सरांना स्वतःलाही पाठ नव्हत्या. त्यांच्या पेपरात नदीची लांबी मोजायची, तलावाचं क्षेत्रफळ काढायचं, टेकडीचा उतार काढायचा, आणि शेवटी गावं एकमेकांपासून ठरावीक अंतर धरून वसलीत की आपोआप विखुरलीत, ते आकड्यांनी सिद्ध करायचं. निम्मा पेपर माझा होता. ते नकाशातून आकडे काढायचे आणि मी त्या आकड्यांची सरासरी, विचलन आणि बाकीची उस्तवार करायचे. म्हणजे भाजी त्यांनी आणायची आणि फोडणी मी द्यायची.

त्यांच्या खिशाला एक पेन आणि एक पेन्सिल असायची. वर्गातला पहिला नियम त्यांचा असा, की मोजण्याआधी अंदाज लिहायचा, आणि अंदाज पेनाने, मोजमाप पेन्सिलने.

"सर, उलटं हाय की हे," मुलं म्हणायची.

"मोजमाप परत करता येतं. पहिला अंदाज परत करता येत नाही. तो खोडायचा नाही."

यामुळे आमच्या मुलांच्या जर्नलमध्ये भलभलते अंदाज निळ्या शाईत कायमचे राहून गेले. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी ते वाचून, ही मुलं नापास का करू नयेत, असं मला विचारलं होतं. मी त्यांना पेन्सिलीतलं वाचायला सांगितलं.

रेश्मा नावाची एक मुलगी मंद्रूपहून एसटीने सोलापूरला यायची. पहिल्या तासाला सरांनी तिला विचारलं, "मंद्रूप किती लांब?"

"हितंच हाय की, सर."

दुसरा कुणी असता तर हसून पुढे गेला असता. सरांनी फळ्यावर 'हितंच' असा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. पुढचा पूर्ण आठवडा वर्गाला काम लागलं. मुलं एसटी स्टँडवर, नव्या पेठेत, सात रस्त्याला उभी राहून लोकांना पत्ते विचारत होती आणि जो कुणी 'हितंच' म्हणेल त्याचं हितंच खरं किती लांब निघतं, ते नकाशावर मोजत होती. आकडे माझ्याकडे आले. मी आयुष्यात पुष्कळ आकडे पाहिलेत, पण इतका बेशिस्त शब्द पाहिला नव्हता. समोरच्या पानटपरीपासून अक्कलकोटपर्यंत सगळं हितंच होतं. पायी चालणाऱ्यांचं हितंच आखूड, मोटरसायकलवाल्यांचं लांब. रिक्षावाल्यांकडे तो शब्दच नव्हता, त्यांच्याकडे सगळं 'लई लांब' होतं. सरांनी ते सगळं मांडून, बोलणाऱ्याचं वाहन आणि त्याचं हितंच यांचा सहसंबंध माझ्याकडून काढून घेतला. तो बऱ्यापैकी आला. सर दोन दिवस खुशीत होते.

आपोआप विखुरणं म्हणजे काय, हे शिकवायला ते नकाशावर धान्य टाकायचे. आधी ज्वारी टाकली, ती गडगडत जाऊन कडेला बसली. तूरडाळ घसरली. मग त्यांनी पोहे आणले. पोहे जिथे पडतात तिथेच राहतात, असा शोध त्यांना लागला आणि तो त्यांनी मला स्टाफरूममध्ये येऊन, जरा आवाज खाली आणून सांगितला. मुलांना एक मूठ पोहे नकाशावर उधळायला सांगायचे. गंमत अशी, की पोहे कुठे दाटीने पडले, कुठे अजिबात पडले नाहीत, असं झालं की मुलं बोटाने ते सारखे करायची. त्यांना वाटायचं, विखुरलेलं म्हणजे सारखं विखुरलेलं.

"हात लावू नका," सर म्हणायचे. "तुम्ही सारखं केलंत की ते आपोआप राहिलं नाही."

हे वाक्य मी माझ्या तासांना अजून वापरते, त्यांचं नाव घेऊन. पोह्यांमुळे नकाशांच्या कपाटाला मुंग्या लागल्या हेही खरं आहे. प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ आणू नयेत, अशी प्राचार्यांची सूचना लागली. सरांनी सूचनेवर सही केली आणि पोहे डब्यात घालून आणायला लागले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सर तासिका तत्त्वावर होते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉलेज सुरू होताना नेमणूक, परीक्षा संपल्या की नेमणूकही संपली, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. त्याच जागेसाठी, त्याच माणसाची. दर जूनमध्ये सर इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला यायचे आणि पेपर निम्मा माझा असल्यामुळे टेबलाच्या अलीकडे मीही असायचे.

"आपला परिचय द्या," प्राचार्य म्हणायचे.

सर परिचय द्यायचे.

"अध्यापनाचा अनुभव?"

"आहे."

"कुठे?"

"इथेच."

"नकाशा विश्लेषण हा पेपर तुम्ही शिकवू शकाल का?"

त्या पेपरचा अभ्यासक्रम त्यांनीच लिहिला होता. सर थोडा विचार करायचे आणि म्हणायचे, "प्रयत्न करीन." मग आम्ही स्टाफरूममध्ये येऊन चहा घ्यायचो. त्या मुलाखतीविषयी आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नाही.

त्यांचं घर केम गावाला. आई, बायको, मुलगी तिकडे. सर भवानी पेठेत, खाली यंत्रमाग आणि वर एक खोली, अशा जागेत राहायचे. माग बंद पडला की झोप मोडते, म्हणायचे. शनिवारी गाडीने केमला जायचे, सोमवारी सकाळी थेट कॉलेजात उतरायचे. मुलगी दहावीला आली तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पोरीला अकरावी सायन्सला सोलापूरला आणायचं आणि सगळ्यांनी एका छपराखाली राहायचं. त्यांनी दोन खोल्यांची जागाही पाहून ठेवली होती.

"पाणी कसं आहे?" मी विचारलं. सोलापुरात जागा पाहिली की हेच विचारतात.

"मालक म्हणतो, रोज येतं."

"रोज?"

"पेनाने लिहून ठेवलंय," सर म्हणाले.

त्याच वर्षी नवा आराखडा आला. आमचं कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आमचे आम्ही ठरवतो आणि नंतर आमच्याच नावाने बोटं मोडतो. नव्या आराखड्यात प्रत्येक पेपर कुठल्या तरी एका विषयाच्या नावावर लागणार होता. नकाशा विश्लेषण आजवर दोन विभागांच्या मधल्या भिंतीवर बसून होता. भूगोल विभाग कलाशाखेत, आणि त्यांना त्यांच्याच माणसांना तास पुरत नव्हते. विज्ञानशाखेत भूगोल नाही. तेव्हा हा पेपर गणित आणि संख्याशास्त्राचा आहे, असं अभ्यासमंडळाने म्हटलं तर तो राहणार होता, नाहीतर बंद. आणि राहिला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही वर्षांना राहणार होता, त्याला पूर्ण वेळची जागा निघणार होती. प्राचार्यांनी तसं तोंडी सांगितलं होतं. नकाशा म्हणजे गणित आहे का, या प्रश्नावर केमच्या एका मुलीची अकरावी अवलंबून होती.

गणिताचे प्रमुख म्हणायचे, नकाशा हे चित्र आहे. "चांगलं चित्र आहे. माझा विरोध नाही. पण चित्र आहे." ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना सिद्धता लागायची, एवढंच. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही त्यांनी मुहूर्त कसा काढला, ते गुरुजींना पायरीपायरीने सांगायला लावलं होतं. सरांना ते भेटतील तिथे 'या चित्रकार' म्हणायचे. सर हसायचे. ते हसणं मी शेजारून पाहिलेलं आहे, त्यामुळे ते खरं हसणं नव्हतं हे मला माहीत आहे.

सुताची गोष्ट त्या सुमाराची. नकाशावर नदीची लांबी मोजायची तर तिच्या वळणावळणाने दोरा लावायचा आणि मग तो दोरा पट्टीवर धरायचा, ही साधी जुनी पद्धत. श्रीनिवास नावाचा मुलगा घरच्या मागावरच्या सुताचा कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, घेऊन आला. घरी तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी, आणि पिढ्यान्‌पिढ्या विणकाम. सगळ्या वर्गाने त्याच सुताने सीना नदी मोजली. आकडे माझ्याकडे आले. मी आलेख काढला तर त्याला दोन उंचवटे. आमच्या शास्त्रात एका गोष्टीची मोजमापं एका टेकडीसारखी यायला पाहिजेत. दोन टेकड्या आल्या म्हणजे दोन वेगळ्या प्रकारची माणसं एकात मिसळलीत. मी म्हटलं, मुलांनी नक्कल केली असेल. सर म्हणाले, "नक्कल केली असती तर एकच सुळका आला असता." मग ते प्रत्येकाच्या मागे जाऊन, मान तिरकी करून, हात बघत उभे राहिले.

मग अभ्यासमंडळाची बैठक आली. बाहेरून गणिताचे एक तज्ज्ञ प्राध्यापक आले होते. प्रमुखांच्या आग्रहावरून बैठक नकाशांच्या प्रयोगशाळेतच ठेवली होती. सर निमंत्रित म्हणून कडेला बसले होते, आणि त्यांचा तो इस्त्रीचा शर्ट अंगात होता, तो मी जूनशिवाय कधी पाहिला नव्हता.

"या पेपरात उत्तर अचूक येतं का?" तज्ज्ञांनी विचारलं.

"एकही येत नाही," सर म्हणाले.

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशाकडे पाहिलं.

"मग हे गणित कसं?"

"अचूक आलं असतं तर पट्टी पुरली असती, सर. येत नाही म्हणून गणित लागतं."

सरांनी तज्ज्ञांच्या हातात सूत दिलं, प्रमुखांच्याही दिलं, आणि सीना मोजायला सांगितली. आधी अंदाज पेनाने. तज्ज्ञांनी निमूटपणे लिहिला. प्रमुख म्हणाले, "मी अंदाज करत नाही." मग दोघं नकाशावर वाकले. प्रमुखांनी मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. दुसऱ्यांदा वेगळं आलं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं आलं. तज्ज्ञांशी जुळणं लांबच, त्यांचं त्यांच्याशीच जुळेना. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मला त्यांची दया आली, हे मी लपवत नाही.

सरांनी फळ्यावर वर्गाचा आलेख टांगला. तज्ज्ञ उठून जवळ गेले. "हे दोन उंचवटे कशाचे?"

सरांनी श्रीनिवासला बोलावलं आणि सूत धरायला सांगितलं. त्याने धरलं ते ताठ. वळणावर सूत नदी सोडून सरळ गेलं.

"असं का धरलंस?"

"सवय हाय, सर. घरी सूत ढिलं धरलं तर नाना वरडतो."

मग रेश्माला. तिच्या हातात सूत सैल, नदीच्या दोन्ही काठांना लोळत चाललेलं.

"आमच्यात शेरडं हायती," ती म्हणाली. "दोरी ताणून धरली की फास बसतो. ढिलीच सोडायची सवय लागती."

"विणकरांच्या घरची मुलं सीना आखूड करतात," सर तज्ज्ञांना म्हणाले. "शेरडं-मेंढरं राखणाऱ्यांची लांब करतात. नदी तेवढीच आहे. कुणाच्या हातून किती फरक पडतो, ते आधी काढायचं आणि मग नदी सांगायची. एवढाच हा पेपर आहे."

तज्ज्ञांनी श्रीनिवासकडून सूत घेतलं आणि स्वतः ताठ धरून पाहिलं, ढिलं धरून पाहिलं. "मी इतकी वर्षं मोजमापातल्या त्रुटी शिकवतो," ते म्हणाले, "पण त्रुटीला घर असतं हे मला कुणी दाखवलं नव्हतं." प्रमुखांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "मी मान्य करतो." त्यांना सिद्धता मिळाली होती. त्यांनी तिथल्या तिथे सरांचा हात हातात घेतला. चित्रकार हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून आला नाही.

ठराव लिहायला मी बसले. लिहिलं, 'सदर पेपर हा प्रामुख्याने गणित व संख्याशास्त्र या विषयांचा आहे.'

"मॅडम," कडेला बसलेले सर म्हणाले. "प्रामुख्याने नको."

"मग काय लिहू?"

"निःसंशय."

मी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने कुठल्याही मुलाला कधी एका आकड्यावर थांबू दिलं नाही, प्रत्येक उत्तरापुढे अधिक-उणे लिहायला लावलं, त्याला हा शब्द हवा होता.

"सर, तुम्ही म्हणताय हे?"

"आज असू द्या," ते म्हणाले.

"लिहा हो," प्रमुख म्हणाले. "मीच म्हणतो, लिहा."

मी लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. सरांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि त्याच संध्याकाळी घरमालकाला जाऊन, जागा नक्की, असं सांगून आले. दुसऱ्या दिवशी ते खिडकीपाशी, गणिताच्या टेबलाशी बसले. कुणी बोलावलं नव्हतं. प्रमुखांनी खुर्ची सरकवून जागा केली.

जूनमध्ये जाहिरात लागली. नकाशा विश्लेषण, पूर्ण वेळ, एक जागा. पात्रता: गणित किंवा संख्याशास्त्र या विषयातील पदव्युत्तर पदवी.

सरांची पदवी भूगोलाची.

आजवर पेपर दोघांच्या मधला होता म्हणून 'संबंधित विषय' या शब्दांत ते बसत आले होते. आता पेपर मधला राहिला नव्हता. ऑफिसातल्या क्लार्कने सरांचा अर्ज परत दिला आणि अगदी समजावून सांगितलं, "पेपर निःसंशय गणिताचा म्हटलाय सर, मग मास्तर पण गणिताचाच लागतो की." तो काही खोटं बोलत नव्हता. मी आणि गणिताचे प्रमुख दोघं प्राचार्यांकडे गेलो. प्रमुख माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलले. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही 'प्रामुख्याने' लिहिलं असतंत तर संलग्न विषय म्हणून मी बसवलं असतं. आता ठराव वर गेला. मला दुःख होतंय." त्यांना ते खरोखरच होत असावं. आम्ही बाहेर आलो. जिन्यात प्रमुख म्हणाले, "सिद्धता बरोबर होती हो," आणि कठड्याला धरून उभे राहिले.

मला भयंकर राग आला होता. तो कुणावर काढायचा ते समजेना, कारण यात कुणीच काही वाईट केलं नव्हतं. असला राग उतरत नाही. माझा अजून उतरलेला नाही.

सर सूचनाफलकासमोर उभे होते. मान किंचित तिरकी. मी जवळ गेले.

"तर्कात चूक न्हाय, मॅडम," ते म्हणाले. कॉलेजात ते कधी असं गावाकडचं बोलायचे नाहीत.

"चुलीत गेला तर्क."

"जाऊ द्या. पेपर राहिला."

त्या जागेला दोनदा जाहिरात देऊनही कुणी आलं नाही. मग तास वाटले आणि पूर्ण पेपर माझ्या वेळापत्रकात आला. सर केमला जाण्याआधी काही दिवस रोज कॉलेजात यायचे, मला प्रात्यक्षिकं दाखवायला. नेमणूक नव्हती, त्यामुळे ते हजेरीवर कुठेच नव्हते. रिकाम्या प्रयोगशाळेत ते मुलांच्या बाकावर बसायचे आणि मी फळ्यापाशी उभी राहून त्यांना त्यांचाच पेपर शिकवायचे. मी चुकले की ते हात वर करायचे. एकदा मी म्हटलं, "सर, हे मला जमणार नाही." ते म्हणाले, "मॅडम, तुमी पात्र हाय." त्यांना ते विनोदाने म्हणायचं होतं. आम्हा दोघांनाही हसू आलं नाही, मग आम्ही पुढच्या प्रात्यक्षिकाकडे वळलो.

त्या दोन खोल्यांत आता कुणी दुसरे भाडेकरू आहेत. मुलगी गाडीने जाऊन-येऊन कुर्डुवाडीला अकरावी करते, असं कळलं.

जुलैच्या अखेरीला तिसऱ्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. तीच मुलं. मी नकाशे वाटले. कुणी गुंडाळी सोडेना.

"सर कुठं हायत, मॅडम?" रेश्माने विचारलं.

"केमला."

"किती लांब हाय?" श्रीनिवास म्हणाला आणि त्याने स्वतःच नकाशा उघडला. बाकीच्यांनीही उघडले. थोडा वेळ सगळा वर्ग वाकून शोधत होता. केम सापडेना. मला सांगावं लागलं, की आपला नकाशा माढ्याच्या अलीकडेच संपतो, केम पलीकडच्या नकाशावर आहे, आणि तो नकाशा आपल्या कॉलेजात नाही.

"मग फोन लावा की," रेश्मा म्हणाली.

तासाला फोन लावू नये असा नियम आहे. मी लावला. मुलांनी ऐकावं म्हणून स्पीकरवर ठेवला. पुष्कळ वेळ वाजला, मग एका लहान मुलीने उचलला. मागे शिकवणीच्या पोरांचा पाढे म्हणायचा गलका चालला होता.

"कोण पायजे?"

"सर आहेत का?"

"कंचं सर?"

"नकाशाचे," मी म्हटलं.

"नकाशाचं हितं कुणी न्हाय," ती म्हणाली. "गणिताचं सर हायती. देऊ का?"

मी तिला म्हटलं, "त्यांनाच दे."